औंढ्यात गिनीचं बिऱ्हाड

पहिला साप निघाला तो न्हाणीघरात. "धामण आहे. बिनविषारी. शेतकऱ्याचा मित्र," असं माझ्या नवऱ्याने मला समजावून सांगितलं. हे सांगताना तो डायनिंग टेबलावर उभा होता.

तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, मनात दिगंबर म्हणते. इथे मनातलं सांगतेय, तेव्हा दिगंबरच. तळेगावातल्या एका हायस्कुलात तो बत्तीस वर्षं होता, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. त्यामुळे आमच्या संसारात बोलण्याचं खातं त्याच्याकडे आणि ऐकण्याचं माझ्याकडे, ही वाटणी कोणी न करताच झाली. निवृत्तीनंतर लोणावळ्याजवळ औंढ्याला दहा गुंठ्यांत घर बांधून आम्ही राहायला आलो, कारण दिगंबरला शांतता हवी होती. म्हणजे आपलं बोलणं नीट ऐकू जाईल इतपत शांतता.

दुसरा साप दसऱ्यानंतर निघाला, वॉशिंग मशिनखाली. घोणस. लोणावळ्याहून सर्पमित्र आला, त्याने आकड्याने ती अलगद उचलून बरणीत घातली, आणि मग दिगंबरने त्याला घोणशीविषयी पाऊण तास माहिती दिली. घोणसही बरणीतून ऐकत होती. जाताना सर्पमित्र मला हळूच म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी काकांना आधी बाहेर पाठवा."

आमच्या बांधाला लागून झुंबरबाईंचं शेत आहे. सत्तरीच्या आहेत, पण दोन हंडे डोक्यावर घेऊन मोबाइलवर बोलत चालतात. दुसऱ्या दिवशी त्या बांधावरून म्हणाल्या, "बाई, तुमी गिनी आना. माज्या भनीचा नथू हाय परंदवडीला, त्याच्याकडं लय हायेत. आरडत्यात, पर साप म्हनू नका, यमबी फाटकातनं मागं फिरंल."

"गिनी म्हणजे?"

"कोंबडीच वो. पर डोकं फिरल्याली."

दिगंबरला सांगितलं तर तो म्हणाला, "आपण शाकाहारी आहोत."

"मी पाळणार आहे, खाणार नाही. तुम्ही शाळेत एवढी पोरं सांभाळलीत, ती काय खाल्लीत?"

यावर तो वेगळ्याच विषयावर बोलला.

नथू कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो आणि घरामागे पक्षी ठेवतो. तीन महिन्यांची आठ पिल्लं त्याने दोन क्रेटमध्ये भरून दिली. पिल्लं म्हणजे चांगली कोंबडीएवढी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच फुटलं. अंगावर करड्या रंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा सुरेख झगा, आणि वर डोकं मात्र टकलं, त्यावर टेंगूळ, तोंड पांढरंफटक आणि गालांशी लाल पाळ्या लोंबताहेत. गॅदरिंगच्या नाटकात कुणी घाईघाईने मेकअप करून ढकलावं तशी.

"दोन महिने कोंडूनच ठेवा, मावशी," नथू म्हणाला. "जागा वळकली की मग सोडा. आदी सोडल्या तर गेल्या म्हनून समजा."

परंदवडीपर्यंत आलोच आहोत तर शिरगावला साईबाबांचं दर्शन घेऊ, असं दिगंबरच्या मनात आलं. गाडी मंदिराजवळ लावून मी आत गेले आणि तो पक्षी राखायला गाडीत थांबला. परत आले तर गाडीभोवती पंधरावीस माणसं जमलेली. आतून असा काही कालवा चालला होता, की जणू पत्र्याच्या डब्यात कोणी खिळे टाकून हलवतंय. एक बाई विचारत होत्या, "लांडोर आहे का हो?" आणि दिगंबर खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्यांना सांगत होता, "मूळची आफ्रिकेतली. थव्याने राहते." गर्दी बघून त्याचा चेहरा खुलला होता. एवढा श्रोतृवर्ग त्याला निरोपसमारंभानंतर मिळालाच नव्हता.

घरी बांधकामाचे पत्रे उरले होते, त्यांचं आणि जाळीचं खुराडं केलं. दहा दिवस सगळं बरं चाललं. अकराव्या दिवशी मी लोणावळ्याला भाजी आणायला गेले आणि दिगंबरने खुराड्याचं दार उघडलं.

"बंदिस्त जिवाला घराची ओढ लागेलच कशी?" परत आल्यावर त्याने मला विचारलं. "विश्वास टाकावा लागतो."

"टाकलात?"

"टाकला."

"मग कुठे आहेत?"

त्याने बोटाने शेजारचा बंगला दाखवला.

या शेजारच्या बंगल्याचं नाव 'निवांत' आहे आणि शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत तिथे पाळण्यातल्या पोरालाही झोप लागणार नाही असं संगीत चालतं. मालक शार्दूल, पस्तिशीचा, पुण्यातली नोकरी सोडून आलेला, डोक्यावर केसांची गुंडाळी. बंगला तो पाहुण्यांना भाड्याने देतो. दिगंबरने त्याला आवाजाबद्दल तीन पत्रं लिहिली होती, प्रत्येकावर जावक क्रमांक टाकून. शार्दूलने एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. बहुतेक त्याला ती पत्रं आहेत हेच कळलं नसावं.

तर आमचे आठही पक्षी 'निवांत'च्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर ओळीने बसून पाणी पीत होते आणि चड्डीवरचे पाहुणे त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत होते. शार्दूल कुंपणाशी आला.

"काका, हे डायनासोर तुमचे?"

दिगंबरला आयुष्यात पहिल्यांदा असं काही कबूल करावं लागलं. झुंबरबाई दोन लांब बांबू घेऊन आल्या. "धावायचं न्हाई. वरडायचं न्हाई. बांबू आडवा धरायचा आन् गप चालायचं. गुर्जी, गप म्हंजी गप." आणि खरंच, पुढे त्या आठ कोंबड्या आणि मागे बांबू धरलेला मुख्याध्यापक, असे सगळे एका ओळीत, अंतर राखून, फाटकातून घरी आले. दिगंबर खुराडं लावून माझ्याकडे वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आठवी ब कधी अशी चालली नाही," तो म्हणाला.

मग मी खुराड्याला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली, मंगळसूत्राशेजारी.

डिसेंबरात त्यांना रीतसर सोडलं. दिवसभर त्या आवारात आणि झुंबरबाईंच्या शेतात किडे वेचत फिरायच्या, संध्याकाळी घरामागच्या जांभळावर झोपायला चढायच्या. त्यानंतर साप दिसला नाही, हे खरं. बागेला पाणी घालायच्या हिरव्या पाइपला मात्र त्यांनी चार वेळा वेढा घातला, आणि गाडीच्या दारात आपलं तोंड दिसलं की त्याच्याशी तासन् तास भांडल्या. दाराचा रंग गेला. आणि मग तो आवाज.

नर नुसता 'टक टक टक' करतो, ते सहन होतं. मादी दोन सुरांत ओरडते, दुसरा सूर वर चढवून. नथूकडच्या लोकांना त्यात काय ऐकू येतं ठाऊक नाही. मला पहिल्याच दिवशी स्वच्छ ऐकू आलं, आणि एकदा ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकू येईना.

"खो-टं! खो-टं! खो-टं!"

आमच्याकडे पाच माद्या होत्या.

दिगंबर पहाटे व्हरांड्यात बसून खणखणीत आवाजात स्तोत्रं म्हणतो. फळ काय मिळतं ते सांगणाऱ्या ओळीपर्यंत पोचला, की जांभळावरून सुरू: खोटं! तो फोनवर कोणाला म्हणे, "तब्येत उत्तम," खोटं! मला म्हणे, "मी कधी आवाज चढवलाय का?" खोटं, खोटं, खोटं! मी पदर तोंडात घालून आत जायची. एकतीस वर्षं हेडफोन लावून मी दुनियेची थापेबाजी ऐकली होती, मध्ये बोलायची परवानगी नव्हती. हे काम कोणीतरी माझ्या वतीने करतंय असं वाटायला लागलं.

फेब्रुवारीत निवृत्त शिक्षक संघाचे सचिव रखमाजी सर तळेगावहून आले. दिगंबरने संघाचं अध्यक्षपद घ्यावं अशी विनंती करायला. दिगंबरने महिनाभर या भेटीची वाट पाहिली होती, नवा झब्बा इस्त्री करून ठेवला होता. पोहे झाले, चहा आला. दिगंबरने कप खाली ठेवला, दूर डोंगराकडे नजर लावली आणि म्हणाला, "रखमाजी, तुम्हाला ठाऊक आहे, मला पदाचा मोह कधीच नव्हता."

पाचही माद्या व्हरांड्याच्या कठड्याखालीच होत्या.

रखमाजी सरांच्या नाकातून चहा आला. आधी त्यांनी ठसका लागल्याचं नाटक केलं, मग त्यांना आवरेना, मग मलाही आवरेना. अध्यक्षपद दिगंबरलाच मिळालं, पण त्याचा चेहरा काही उजळला नाही. पाहुणे गेल्यावर तो अतिशय शांत आवाजात म्हणाला, "सोमवारी या परत जातील."

"बरं," मी म्हटलं. त्याचा शांत आवाज मी ओळखते. तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो.

रविवारी सकाळी अकरा वाजता तो क्रेट आणि जुनी चादर घेऊन मागे गेला. एक दिवस आधीच पकडून ठेवायच्या, असा बेत. मी स्वयंपाकघरात होते. रविवारी आमच्या मुलीचा, कौमुदीचा, कोथरूडहून फोन येतो. कानात फोनची ती इवलीशी यंत्रं घालून, पोळ्या लाटत, आम्ही दीड तास तिच्या सासरच्यांचा समाचार घेतो. बाहेर गिन्यांचा गोंधळ चाललाय हे मला जाणवत होतं. पण त्यांचा गोंधळ कधी नसतो?

पुढचं मला दिगंबरनेच सांगितलं, बऱ्याच दिवसांनी. चादर पसरून तो एका मादीवर झेपावला, मादी उडाली, आणि त्याचा पाय कुंपणाशेजारच्या पाणी वाहून जायच्या चरीत गेला. घोट्यातून काड्कन आवाज आला. चर कंबरभर खोल, वरून घाणेरीची झुडपं. त्याला उठता येईना. तो ओरडला, "प्रमोदिनी!"

आठही पक्षी परत आले आणि चरीच्या काठावर गोल करून उभे राहिले.

"प्रमोदिनी! माझा पाय मोडलाय!"

"खोटं!" पक्षी म्हणाले.

तो तासभर ओरडत होता. वाक्यागणिक त्याला तेच उत्तर मिळत होतं. नंतर नंतर, तो म्हणाला, आपला पाय खरंच मोडलाय की नाही याचीच त्याला शंका यायला लागली. शेवटी तो गप्प बसला. तो गप्प बसल्यावर त्याही थोड्या मंद झाल्या, पण हलल्या नाहीत. एक मादी वाकून त्याच्या चष्म्यात स्वतःचं तोंड बघत राहिली.

त्याला वाचवलं ते तक्रारीने. 'निवांत'मधले पाहुणे रात्रभर नाचून झोपले होते, त्यांनी शार्दूलला फोनवर झापलं. शार्दूल काठी घेऊन, तोंडाने अस्सल शिव्या देत, कुंपणावरून उडी मारून आला. झुडपं बाजूला केली तर खाली दिगंबर, डोक्यावर चादर.

"काका? तुम्ही इथे काय करताय?"

दिगंबरने तोंड उघडलं, वर गिन्यांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. नुसतं पायाकडे बोट दाखवलं.

शार्दूलने त्याला खांद्यावर टाकून आणलं. मी लाटणं हातात घेऊनच दार उघडलं. कौमुदी कानात म्हणत होती, "आणि मग त्या नणंदेने काय करावं?" ते आजवर मला कळलेलं नाही. शार्दूलनेच गाडी काढली, लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत थांबला, मला वडापाव आणून दिला. वाटेत दिगंबर फक्त एकदाच बोलला. "तुमची गाडी छान चालते," तो म्हणाला. शार्दूल एवढा गांगरला, की त्याने गाणं बंद केलं.

सहा आठवडे प्लास्टर. गिन्या परत द्यायला कोणाला वेळ नव्हता. दिगंबर व्हरांड्यात खुर्चीवर, पाय स्टुलावर, समोर आवार. पहिले काही दिवस तो त्यांच्याकडे पाठ करून बसला. मग मान दुखायला लागली म्हणून वळला. मग एक दिवस मी भाजी निवडत होते तेव्हा म्हणाला, "ती डाव्या पंखावर पांढरं पीस असलेली आहे ना, ती सगळ्यांत शेवटी खाते. बाकीच्या खाईपर्यंत पहारा देते."

मी वर पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला न शिकवता, नुसतं काहीतरी दाखवल्याचं आठवत नव्हतं.

मार्चअखेर तो म्हणाला, "माद्या रोज दुपारी दोनच्या सुमाराला एकेक करून गायब होतात. वीस मिनिटांनी येतात. अंडी घालत असणार." झुंबरबाईंनी दुजोरा दिला. गिनी खुराड्यात अंडी घालत नाही, लपवते, आणि सगळ्या मिळून एकाच जागी. मग दिगंबर खुर्चीतून फोनवर आणि मी आवारात फोन कानाला लावून, असा शोध सुरू झाला.

"डावीकडे. तुझं डावं नव्हे, माझं."

"तुमचं डावं मला कसं दिसणार?"

"पांढऱ्या पिसाची त्या करवंदीत शिरली. खाली वाक."

"अहो, माझे गुडघे!"

करवंदीच्या जाळीने माझी साडी फाडली, हात ओरबाडले, आणि आत पाचोळ्यात अंडी दिसली. जाड कवचाची, मातकट, टोकाला निमुळती. मी मोजली. एकतीस. फोनवर सांगितलं तर पलीकडे दिगंबर हसला. त्याचं हे हसणं मी विसरूनच गेले होते. लग्नाआधी, तळेगाव स्टेशनवर, माझी चप्पल रुळांत पडली तेव्हा तो असा हसला होता, आणि मी त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं होतं. माणसाच्या हातून चुका होतात.

"गिनी लय नादान आय," झुंबरबाई म्हणाल्या. "अंड्यावर बसली तर बसली, न्हाईतर दिली सोडून. माजी एक कोंबडी खुडूक हाय, तिच्याखाली घाला." त्यांनी डालग्यातून तांबडी गावरान कोंबडी आणून दिली, बसायला आतुर, चेहऱ्यावर जगाविषयी राग. तिच्या पोटाखाली सतरा अंडी मावली.

कोंबडीच्या अंड्यांना एकवीस दिवस लागतात. गिनीच्या अंड्यांना सव्वीस-सत्तावीस. तांबडीला हे कोणी सांगायचं? एकविसावा दिवस उलटला आणि दिगंबरचं जेवण कमी झालं. प्लास्टर निघालं होतं, कुबडी होती. कुबडी घेऊन तो कोठीच्या खोलीत जाऊन डालग्याशेजारी बसायचा. बाविसाव्या दिवशी ती उठली, दोन पावलं चालली. मी दारातून बघत होते. दिगंबर नुसता बसून राहिला. ती पाणी प्यायली, तिने त्याच्याकडे एक डोळा करून पाहिलं आणि परत जाऊन बसली.

"घाबरलो होतो," तो मला म्हणाला. बाहेर माद्या ओरडत होत्या, पण त्या नेहमीच ओरडतात.

सत्ताविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली. पाठीवर उभे पट्टे, लाल चोची, खारींसारखी. तांबडीने त्यांना पाहिलं, त्यांनी तिला पाहिलं, आणि कोणीही कसलाही आक्षेप घेतला नाही. ती माती उकरून दाखवायची, पिल्लं धावत यायची. मे महिन्याच्या उन्हात सगळा संसार आवारभर फिरायचा आणि मागून कुबडीवर दिगंबर. शार्दूलचे पाहुणे कुंपणाशी येऊन बघायचे. शार्दूल एकदा म्हणाला, "काका, माझ्या जाहिरातीत लिहू का? 'शेजारी पक्षी पाहता येतील'?"

"लिहा," दिगंबर म्हणाला. "आणि शनिवारी अकरानंतर गाणं बंद." शार्दूलने ते साडेअकरावर आणलं.

सगळं सुरळीत चाललं असताना एका संध्याकाळी पिल्लं मोठी झाली. म्हणजे झालीच असणार हळूहळू, पण मला त्या संध्याकाळी दिसलं. थवा जांभळाखाली जमला, एकेक फडफडत वर चढला, आणि त्यांच्यामागोमाग, कोणी न शिकवता, ती अकराही वर गेली. तांबडी खाली राहिली. ती गळ्यातल्या गळ्यात बोलवत होती, मातीत उकरून दाखवत होती. वरून कोणी उत्तर दिलं नाही. ती खोडाभोवती फिरायला लागली.

"येतील हो सकाळी," मी म्हटलं. "चला आत."

दिगंबरने कुबडी खोडाला टेकवली. तांबडीला दोन्ही हातांनी उचललं, ती त्याच्या झब्ब्यावर शिटली, त्याने पाहिलंही नाही. शेवग्याच्या शेंगा काढायचं स्टूल मी निमूट आणून धरलं. तो त्या बऱ्या न झालेल्या पायाने त्यावर चढला आणि सगळ्यांत खालच्या फांदीवर तिला ठेवलं. ती डगमगली, पंजे घट्ट आवळले. वरून पिल्लं सरकत सरकत खाली आली आणि तिच्या दोन्ही बाजूंना, गावरान कोंबडीच्या उबेला, दाटीवाटीने बसली.

चार दिवसांनी झुंबरबाई आपली कोंबडी घेऊन गेल्या. आठवड्याने परत आल्या, काखेत तांबडी आणि चेहरा तापलेला.

"गुर्जी, काय करून ठिवलंत? ही डालग्यात झोपना झालीय. रोज सांजंला आंब्याखाली हुबी ऱ्हाती आन् वर बगून वरडती. चढाय येत न्हाई, उतराय येत न्हाई. माजं वय हाय का हिला रोज झाडाव ठिवायचं?"

मला वाटलं, आता कोंबडीच्या मानसशास्त्रावर व्याख्यान. दिगंबरने चष्मा पुसला.

"चुकलं, मावशी," तो म्हणाला. "मी येत जाईन."

तेव्हापासून रोज साडेसहाला तो बांधावरून लंगडत पलीकडे जातो. कुबडी आता घरीच असते, स्टूल मात्र काखेत.